वॉट शेवटी बघा: गिगसाठी बेस अ‍ॅम्प आणि कॅबिनेट कसे जुळवायचे

बेस अ‍ॅम्प घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्या शिरल्या विचारतो, "किती वॉटचा आहे हो?" हा प्रश्न खरं तर शेवटचा आहे. आधी जागा, मग कॅबिनेट (स्पीकरचा खोका, म्हणजेच कॅब), मग ओहम (कॅब करंटला करतो तो विरोध) आणि सगळ्यात शेवटी वॉट, या क्रमाने गेलात तर पैसे वाचतात आणि पाठही वाचते. उलट्या क्रमाने गेलेल्यांकडे हजार वॉटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) असतो, त्याखाली मिळेल तो कॅब असतो, आणि तरी ड्रमर म्हणतो, "बेस ऐकूच येत नाही यार."

खालचा सगळा हिशेब खऱ्या ड्रमसेटबरोबर वाजवणाऱ्या बँडसाठी आहे. घरी किंवा बसून कहोनबरोबर (खोक्यासारखं हाताने वाजवायचं तालवाद्य) वाजवणार असाल तर १०० वॉटचा छोटा काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पायरी पहिली: बेस प्रेक्षकांपर्यंत कोण पोचवणार?

गिग ठरली की साउंडवाल्याला दोन गोष्टी विचारायच्या. पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीची साउंड सिस्टीम) सब (खर्जाचे मोठे स्पीकर) आहेत का, आणि बेसची डीआय लाइन (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला नेणारी तार) घेणार का. दोन्हीचं उत्तर "हो" असेल, तर तुमचा अ‍ॅम्प हा फक्त तुमच्या आणि ड्रमरच्या कानांसाठीचा मॉनिटर आहे. कॉलेजचे फेस्टिव्हल, मैदानावरचे मोठे कार्यक्रम, हॉटेलांतल्या लग्नांचे संगीत हे बहुधा याच प्रकारात मोडतात. तिथे एक चांगला २ बाय १० (दहा इंचाचे दोन स्पीकर असलेला कॅब) किंवा १ बाय १२ भरपूर झाला. अशा स्टेजवर ८ बाय १० उभा करणं म्हणजे साउंडवाल्याशी भांडण, कारण स्टेजवरचाच बेस सगळ्या माइकांत शिरतो आणि बाहेरचं मिक्स त्याच्या हातात राहत नाही.

दुसरा प्रकार पुण्या-मुंबईतल्या छोट्या पबचा आणि गोव्यातल्या शॅकचा. पीए म्हणजे स्टँडवर दोन १२ किंवा १५ इंची टॉप, त्यातून गाणारे आणि कीबोर्ड. सबचा पत्ता नाही. इथे अख्ख्या खोलीला बेस द्यायची जबाबदारी तुमच्या कॅबवर येते, आणि जोडी नीट जुळलेली आहे की नाही ते इथेच उघडं पडतं.

तिसरा प्रकार म्हणजे उघडं मैदान आणि पीएत बेस नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि भिंती नसल्यामुळे मागून काही मदत येत नाही. माझं स्पष्ट मत: ही लढाई स्वतःच्या पैशाने लढू नका. आयोजकाकडे दोन सब मागा. मैदानात रात्री दहानंतर तसाही लाउडस्पीकर बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तेच सांगतात आणि सवलतीचे दिवस मोजके असतात. तेव्हा चार तासांच्या कार्यक्रमासाठी दोन माणसांनी उचलायचा कॅब विकत घेण्यात अर्थ नाही.

पायरी दुसरी: कॅबची पाटी वाचा, पण वॉटच्या पुढे

कॅबच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. बेस कॅबसाठी तो साधारण ९४ ते १०१ च्या दरम्यान सापडेल. फरक फार वाटत नाही ना? आता दुसरी गोष्ट जोडा. वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून ९४ वाल्या कॅबला ५०० वॉट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढाच १०० वाला कॅब १२५ वॉटमध्ये देतो. हजार वॉटच्या हेडसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे एक गणित कागदावर करून बघा.

यात फसवाफसवीही चालते. काही कंपन्या हा आकडा सगळ्या पट्ट्याची सरासरी काढून देतात, काही नेमका जिथे कॅब सगळ्यात जोरात वाजतो तिथला देतात. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन कॅब ताडून बघायला तो उत्तम, दोन कंपन्यांचे ताडून बघताना थोडा हात राखून.

मग सगळेच कॅब १०० डेसिबलचे का करत नाहीत? कारण लहान खोका, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा नियम म्हणतात. तीनपैकी दोन निवडायच्या. हातात मावणारा आणि खर्जात घुमणारा १ बाय १२ वॉट खाणारच. अँपेगचा एसव्हीटी-८१०ई हा ८ बाय १० उलट टोकाचा आहे: सेन्सिटिव्हिटी १००, वजन साठ किलोंच्या वर. १९६९ साली आलेला एसव्हीटी हेड ३०० वॉटचा होता आणि तेवढ्यावर मोठमोठी स्टेडियम वाजली. त्यात व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) वाटा होताच, पण दहा इंचाच्या आठ-आठ स्पीकरांनी ढकललेल्या हवेचा वाटा लोक विसरतात.

खोलीबद्दल एक गैरसमजही इथेच काढून टाकू. चार तारांच्या बेसची खालची मोकळी ई ४१ हर्ट्झची, पाच तारांची बी ३१ हर्ट्झची. बहुतेक कॅब पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली उतरायला लागतात. तरी ई ऐकू येते, कारण कानाला त्या सुराची ओळख पटते ती मुख्यतः ८२ आणि १२३ हर्ट्झवरच्या त्याच्या वरच्या सुरांवरून. म्हणून "३० हर्ट्झपर्यंत जातो" अशी जाहिरात असलेल्या कॅबपेक्षा ८० ते २०० हर्ट्झमध्ये ठासून वाजणारा कॅब बँडमध्ये जास्त कामाचा.

पायरी तिसरी: ओहम

इथे घाई नको. अ‍ॅम्प जळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इथेच आहे.

कॅबच्या मागे दोन सॉकेट असतात. एकातून अ‍ॅम्पची केबल येते, दुसऱ्यातून पुढच्या कॅबला जाते. दिसायला ही माळ वाटते, पण आतली जोडणी समांतर असते. एका टाकीला दुसरा नळ बसवला की पाणी जास्त वाहतं, तसा कॅब वाढवला की अ‍ॅम्पमधून करंट जास्त ओढला जातो. ओहमचा एकूण आकडा उतरतो:

८ आणि ८ = ४ ओहम
८ आणि ४ = २.६७ ओहम
४ आणि ४ = २ ओहम
८, ८ आणि ८ = २.६७ ओहम

अ‍ॅम्पच्या मागे "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर बिघडत नाही, फक्त वॉट कमी मिळतात. मार्कबासच्या लिटल मार्क ३ चं उदाहरण घ्या: ४ ओहमला ५०० वॉट, ८ ओहमला ३००. एकाच ८ ओहमच्या कॅबवर वाजवलंत तर २०० वॉट वाया गेले असं वाटेल, पण दोन आकड्यांतला फरक अडीच डेसिबलही नाही. मात्र दुसरा तसाच ८ ओहमचा कॅब जोडलात की ते वॉटही मिळतात आणि दुप्पट स्पीकरांमुळे अजून ३ डेसिबल. एकूण पाचेक डेसिबल. स्टेजवर ते लगेच कळतं.

यावरूनच माझा पहिल्या खरेदीचा सल्ला: ४ ओहमचा एक मोठा कॅब घेण्यापेक्षा ८ ओहमचा २ बाय १० घ्या. छोट्या जागी एक न्या, मोठ्या जागी दुसरा जोडा. ४ ओहमवाला आज जास्त वॉट ओढेल, पण किमान ४ ओहमच्या अ‍ॅम्पवर त्याला कायम एकट्यानेच राहावं लागतं.

काँबोवाल्यांनी विशेष जपावं. फेंडर रंबल ५०० च्या आत ८ ओहमचे स्पीकर आधीच जोडलेले आहेत. तेवढ्यावर तो ३५० वॉट देतो आणि बाहेर ८ ओहमचा कॅब लावला की ५००. बाहेर ४ ओहमचा लावलात तर आतला धरून २.६७ झाले, म्हणजे मर्यादेच्या खाली. मित्राचा कॅब उसना घेऊन नेमकं हेच केलं जातं. घरी हळू आवाजात सगळं ठीक वाजतं, आणि गिगच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्याला अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये (स्वतःला वाचवायला आपोआप बंद) जाऊन गप्प.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं शास्त्र वेगळं. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागच्या स्विचवर कॅबइतकाच आकडा ठेवावा लागतो. स्पीकर न जोडता तो चालू करून वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि ती दुरुस्ती महागात पडते. ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी चालतं. नुसता डीआय म्हणून खुशाल वापरा.

पीएचा पॉवर अ‍ॅम्प बेसला लावणारेही आपल्याकडे बरेच आहेत. ब्रिज मोडमध्ये (दोन चॅनल जोडून एक करून) लावणार असाल तर लक्षात ठेवा, प्रत्येक चॅनलला अर्धाच ओहम दिसतो. चॅनलला किमान ४ असेल तर ब्रिजला किमान ८.

दोन वेगळे कॅब एकत्र लावायचे असतील तर वॉट कसे वाटले जातात ते बघा. ओहम सारखे असले की वॉट सारखे. ८ ओहमचा ४ बाय १० आणि ८ ओहमचा १ बाय १५ असेल तर पंधरा इंची एकट्याला अर्धे वॉट मिळतात आणि दहा इंची चौघांत मिळून अर्धे. पंधराचा स्पीकर आधी थकतो आणि जोडी त्याच्याच मर्यादेने चालवावी लागते. ८ बरोबर ४ लावला तर ४ वाल्याला दोन तृतीयांश वॉट जातात. म्हणून शक्यतो एकाच बनावटीचे दोन सारखे कॅब लावा. "दहा टोकदारपणासाठी, पंधरा खर्जासाठी" हे ऐकायला छान आहे, पण स्पीकर आपापल्या आकाराला जागून तसं वाजतीलच याची खात्री नाही.

पायरी चौथी: आता वॉट

आधी आरएमएस किंवा कंटिन्युअस असं लिहिलेला आकडा शोधा. प्रोग्रॅम म्हणजे त्याच्या दुप्पट, पीक म्हणजे चौपट. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजारोंनी पीएमपीओ (फुगवलेले वॉट) छापलेले असत, त्याच कुळातले आकडे आजही काही स्थानिक कॅबवर चिकटवलेले दिसतात. लॅमिंग्टन रोडवर सुटा वूफर घेऊन सुताराकडून कॅब करून घेणार असाल तर वूफरच्या मागचा आरएमएस आकडा वाचा, खोक्यावरच्या स्टिकरचा नको.

मग नियम सोपा: त्या ओहमला अ‍ॅम्प जेवढे वॉट देतो, कॅबचे आरएमएस वॉट तेवढे किंवा त्याच्या दीडपटीपर्यंत असावेत. ८ ओहमला ३०० वॉट देणारा हेड असेल तर ३०० ते ४५० वॉटचा कॅब आरामात चालतो. ड्रमरबरोबरच्या पब गिगला ३०० ते ५०० वॉट आणि ९७-९८ सेन्सिटिव्हिटीचा २ बाय १० ही माझ्या मते सगळ्यात समजूतदार जोडी. ड्रमर जडहाताचा असेल तर दोन २ बाय १०.

कॅब फुटतो तो दोन कारणांनी. एक, व्हॉइस कॉइल तापून जळते. दुसरं, कोन मर्यादेबाहेर पुढेमागे हलतो आणि फाटतो. कॅबवरचे वॉट पहिल्या कारणाबद्दलच बोलतात. खालच्या बीवर बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवलात तर ५०० वॉटचा कॅबसुद्धा निम्म्या वॉटांत कोनची मर्यादा गाठू शकतो, विशेषतः पोर्ट (हवा जायचं भोक) असलेला कॅब, कारण पोर्टच्या ट्यूनिंगखाली खोक्यातली हवा कोनला धरून ठेवत नाही. अ‍ॅम्पवर किंवा पेडलमध्ये हायपास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचे सूर अडवणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झला लावा. ऐकताना काही हरवल्यासारखं वाटणार नाही, पण कोनची नाहक धडपड थांबेल.

"कमी वॉटच्या अ‍ॅम्पने स्पीकर उडतो" हेही अर्धसत्य आहे. कमी वॉटचा अ‍ॅम्प शांतपणे वाजवला तर स्पीकरला काहीच होत नाही. तो ताणून क्लिप केला (झेपेल त्यापलीकडे नेऊन आवाज फाटू दिला) की रेटिंगच्या दुप्पटीपर्यंत वॉट बाहेर पडू शकतात. २०० वॉटचा अ‍ॅम्प मग २५० वॉटच्या कॅबला ४०० च्या घरात देतो, आणि वरच्या सुरांचा मारा ट्वीटरवर (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर) होतो. ट्वीटर आधी जातो तो म्हणून.

नॉबची एक गंमत: मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे मधोमध, आहे म्हणजे अर्धेच वॉट, असं समजू नका. अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा बेस जोरात वाजवला तर बाराच्या आधीच अ‍ॅम्प पूर्ण ताकदीला पोचू शकतो. आणि ईक्यूमध्ये बेस १० डेसिबलने वाढवलात तर त्या पट्ट्यात दहापट वॉट मागितलेत. आवाज कमी पडतोय असं वाटलं तर आधी बेसचा नॉब थोडा खाली आणि लो-मिड, म्हणजे २०० ते ४०० हर्ट्झ, थोडा वर करून बघा. नवीन हेडचा खर्च इथे वाचलेला मी अनेकदा बघितला आहे.

पायरी पाचवी: केबल

अ‍ॅम्प ते कॅब फक्त स्पीकर केबल. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार केसासारखी बारीक असते आणि तापते. पाच मीटरच्या आतल्या लांबीला दीड स्क्वेअर एमएमची दोन तारांची कॉपर वायर पुरते, अडीचची असेल तर उत्तमच. दोन्ही टोकांना स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास प्लग), जोडणी १ प्लस आणि १ मायनसवर. स्पीकॉन फिरवून लॉक होतो, त्यामुळे कोणाचा पाय लागून निघत नाही. केबल स्वतः सोल्डर करून घ्यायची असेल तर एक जादाची करा आणि तिच्यावर रंगीत टेप लावा, म्हणजे घाईत ती कोणी गिटारला लावणार नाही.

भाड्याचं बॅकलाइन (कार्यक्रमाच्या जागी पुरवलेले अ‍ॅम्प आणि कॅब) मिळालं तर

पाटी निघालेला, ग्रिल चेपलेला कॅब समोर येतो आणि ओहम कोणालाच माहीत नसतात. दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत ठेवा. एका टोकाला स्पीकॉन आणि दुसऱ्या टोकाला जाड जॅक असलेली केबल कॅबमध्ये लावा. मीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. जो आकडा येईल, समजा ०.३, तो पुढच्या वाचनातून वजा करायचा. मग एक प्रोब जॅकच्या टोकाला, दुसरा दांड्याला. साडेपाच ते सातच्या मध्ये आलं तर ८ ओहमचा कॅब, तीन ते साडेतीनच्या आसपास आलं तर ४ चा. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, म्हणून आकडा नेहमी पाटीपेक्षा कमीच येतो. १२-१५ दाखवलं तर एखादा स्पीकर आत बंद पडलेला असू शकतो. काहीच दाखवलं नाही तर जोडणी तुटली आहे.

दोन अनोळखी कॅब एकत्र लावणार असाल तर त्याच केबलच्या जॅकला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, प्लस टोकाला. कोन बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकेल. मग एकच कॅब वापरलेला बरा.

गिगच्या दिवशी

वीज कुठून येतेय ते आधी बघा. शक्यतो अ‍ॅम्पला आणि मिक्सरला एकाच लाइनवरून घ्या. लाइटच्या डिमरच्या लाइनवर बेस लावलात तर गुणगुण सुरू होते. ती घालवायला अर्थिंगची तिसरी पिन काढायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. तारांना हात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत शॉक जिवावर बेततो. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला हेड असेल तर मागच्या पाटीवर १२० व्होल्ट आहे की २३०, हे प्लग लावायच्या आधी वाचा. सगळे हेड दोन्ही व्होल्टेजवर चालत नाहीत.

कॅब भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवला की खर्ज वाढतो. पबमध्ये त्याचा फायदा घ्या. पण प्लायच्या पोकळ स्टेजवर तोच खर्ज घुमतो आणि सूर कळेनासा होतो. तिथे कॅब थोडा पुढे ओढा आणि खाली फोमचा जाड तुकडा घाला. दोन २ बाय १० असतील तर एकावर एक, आणि स्पीकर उभ्या ओळीत येतील असे. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो, म्हणून तुम्ही कमी आवाजात वाजवता. बरेच जण कॅबला चिकटून उभे राहतात आणि "खर्ज पुढे जाऊन बनतो" असं मानतात. प्रत्यक्षात वरचे सूर गुडघ्यांपाशी निघून जातात आणि आपल्याला स्वतःचं वाजवणं कळत नाही. दोन पावलं पुढे व्हा, किंवा कॅब मागे कलता करा.

साउंडचेकला गेन (सिग्नल आत किती घ्यायचा तो नॉब) आधी. ज्या जोराने शेवटचं गाणं वाजवणार, त्या जोराने मारा, आणि क्लिपचा दिवा अधूनमधून लुकलुकेल इतकाच गेन ठेवा. मास्टर ड्रमरबरोबर वाजवतानाच ठरवा. एकट्याने ठरवलेला बेसचा टोन बँडमध्ये कधीच तसा ऐकू येत नाही.

डीआयसाठी अ‍ॅम्पच्या मागचं आउटपुट असलं तरी शक्य असेल तर वेगळा डीआय बॉक्स अ‍ॅम्पच्या आधी लावा. गाणं चालू असताना अ‍ॅम्प गप्प झाला तर पीएमधला बेस तरी चालू राहतो. मॉनिटरमध्ये बेस मागा, गाणं संपवा. मग मास्टर शून्यावर आणून अ‍ॅम्प बंद करा, दुसऱ्या कॅबची केबल काढा, मिनिटभराने चालू करा. वाजला, तर बिघाड त्या कॅबमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा दोन कॅब मिळून झालेल्या ओहममध्ये आहे. उरलेला सेट एकाच कॅबवर काढायचा.